पेनड्राइव्ह कोणाचा, दोष कोणाचा?

ही गोष्ट २००९ सालची आहे. नागपूरच्या एका शाळेत दहावीच्या मुलांचे प्रकल्प लिहिण्याचे काम संगणकाच्या खोलीत चालले होते. माझ्या शेजारचा एक मुलगा संत्र्यावरील रोगांचा प्रकल्प करीत होता. त्याला चित्रे हवी होती. तो सीताबर्डीवरच्या एका सायबर कॅफेत गेला, चित्रे पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या संगणकाला तो पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर आलेल्या चित्रावर त्याने दोनदा टिचकी मारली. चित्रे उघडली. तो खूष झाला.

दोन दिवसांनी खोलीतल्या बाराही संगणकांवरचे मुलांचे फोल्डर दिसेनासे झाले. त्यांच्या जागी त्याच नावांचे काही भलतेच येऊन बसले होते. महिनाभराचे काम गेले असे सर्वांना वाटले. चौकशी झाली आणि पेनड्राइव्ह कोणी आणला ते कळले. सरांनी भर वर्गात त्या मुलाला दोष दिला. त्या वर्षी तो पुन्हा संगणकाच्या खोलीत गेला नाही.

आता तुम्ही न्यायाधीश व्हा. दोष कोणाचा? त्या मुलाचा, सायबर कॅफेचा, शाळेचा, की संगणकाची आज्ञावली बनविणाऱ्या कंपनीचा?

विषाणू म्हणजे काय?

संगणकाचा विषाणू सजीव नसतो. तीही एक आज्ञावलीच असते. हिशेब करणारी आज्ञावली जशी माणसाने लिहिलेली असते, तशीच हीसुद्धा. फरक एवढाच की ही आपल्या नकला काढते आणि मालकाला न विचारता काम करते. दुसऱ्या फाइलीला किंवा तबकडीला चिकटून पसरतो तो विषाणू. जाळ्यातून स्वतःच एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकतो त्याला किडा म्हणतात. फाइलींना कुलूप लावून पैसे मागते ती खंडणीखोर आज्ञावली. या साऱ्यांना मिळून मालवेअर असे नाव आहे.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपी तबकड्यांवरून देशोदेशी पोहोचला. पुढे १९९० नंतरच्या दशकात पुण्यातल्या दोन भावांनी याच्या उलट काम हाती घेतले. कैलास काटकर कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणारी यंत्रे विषाणूंनी बिघडलेली आहेत हे पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली. ‘क्विक हील’ ती हीच.

विषाणू लिहून सोडणारा हा पहिला गुन्हेगार, याबद्दल वाद नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही (सन २०००) तो गुन्हा आहे. पण चोर चोरी करून गेल्यावर आपण आणखी एक प्रश्न विचारतोच: दार उघडे कोणी ठेवले?

पेनड्राइव्हचा खटला

आता शाळेकडे वळू. त्या काळी बऱ्याच ठिकाणी विंडोज एक्सपी ही संगणक चालविणारी मूळ आज्ञावली असे. तिच्यात ‘ऑटोरन’ नावाची सोय होती. तबकडी आत घातली की तिच्यावरची एक छोटी चिठ्ठी संगणक वाची आणि चिठ्ठीत जी आज्ञावली लिहिलेली असेल ती सुरू करण्याची तयारी करी. गाण्याच्या किंवा खेळाच्या तबकड्यांसाठी ही सोय चांगली होती. पण पेनड्राइव्हलाही ती लागू होती. विषाणू पेनड्राइव्हवर स्वतःची चिठ्ठी ठेवी. मुलाला वाटे, आपण चित्रांवर टिचकी मारली. प्रत्यक्षात आधी विषाणू सुरू होई आणि मग चित्रे उघडत.

म्हणजे पाहा, त्या मुलाने जे केले ते त्याला शिकविल्याप्रमाणेच होते. पडद्यावर धोक्याची खूण नव्हती.

विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही सोय सुरुवातीपासूनच बंद ठेवलेली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या संगणकांसाठीही दुरुस्ती पाठविली आणि तेथेही ती बंद केली. पुढच्या काही महिन्यांतच त्या जुन्या संगणकांवर ऑटोरनचा फायदा घेणाऱ्या विषाणूंची लागण निम्म्याहून कमी झाली. जगातली सारी माणसे त्या चार महिन्यांत शहाणी झाली होती का? नाही. ती होती तशीच होती. बदलली होती ती आज्ञावली.

नागपूरकरांना हे पटवायला कूलरचे उदाहरण पुरे आहे. उन्हाळा संपला तरी कूलरच्या टाकीत पाणी राहते. एडिस डासाची मादी तेथे अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा, असे सांगतात. ते घरातल्या माणसाचेच काम आहे. पण टाकीच्या तळाशी पाणी सोडायला बूचच ठेवले नसेल तर? तो भरलेला कूलर दर आठवड्याला उलटा कोण करणार? बूच असूनही ते काढले नाही, तर दोष घरातल्यांचा. बूचच नसेल, तर दोष कूलर बनविणाऱ्याचा.

टिचकी न मारता आलेला किडा

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर किडा जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने पकडले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. विशेष हे की यासाठी कोणी टिचकी मारण्याची गरज नव्हती. संगणक चालू आणि जाळ्याला जोडलेला असला म्हणजे पुरे!

हे कसे घडले? विंडोजमध्ये एका संगणकाने दुसऱ्याशी फाइलींची देवाणघेवाण करण्याचा एक भाग आहे. बाहेरून आलेल्या एका यादीला किती जागा लागेल हे मोजण्यात त्या भागाची चूक होत असे. शयनयानाचा एखादा जुना डबा डोळ्यांपुढे आणा. डब्यात ७२ जागा आहेत, पण कारकुनाने मोजणीत चूक करून ८० तिकिटे दिली. जास्तीचे आठ जण पुढच्या डब्यात घुसणार. तो डबा गार्डाचा असेल आणि त्या आठांतला एक जण गार्डाचा झेंडाच हाती घेईल, तर गाडी त्याच्या हुकमाने चालेल. संगणकाच्या स्मृतीत असेच झाले. ठरल्यापेक्षा जास्त माहिती शेजारच्या जागेत सांडली आणि किड्याने यंत्राचा ताबा घेतला.

ही चूक निःसंशय कंपनीची. पण कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच तिची दुरुस्ती दिली होती. हल्ला झाला तो ५९ दिवसांनी. ज्यांनी दुरुस्ती बसविली ते बचावले. ज्यांनी ‘उद्या पाहू’ म्हटले ते सापडले. शिवाय तिसराही एक पक्ष आहे. हे छिद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ठाऊक होते, तिच्याकडचे तंत्र चोरीला गेले आणि तेच या हल्ल्यात वापरले गेले, असे मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनी उघडपणे म्हटले. रोग माहीत असून तो लपवून ठेवणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

आज्ञाधारक ग्राहकाचे काय?

तुम्ही म्हणाल, “ठीक आहे, दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात म्हणजे झाले!” थांबा. त्याच वर्षी २७ जूनला दुसरा हल्ला झाला, ‘नॉटपेट्या’चा. युक्रेनमध्ये हिशेबाची एक आज्ञावली सर्रास वापरली जाई. हल्लेखोरांनी ती बनविणाऱ्या कंपनीच्याच यंत्रणेत शिरून दुरुस्तीच्या पुडीत विष कालविले. ज्यांनी प्रामाणिकपणे नवी आवृत्ती घेतली, त्यांनाच आधी लागण झाली.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे युक्रेनमध्ये काम होते. तेथून ते विष तिच्या जगभरच्या जाळ्यात गेले आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या गटाच्या धक्क्यावरचे काम विस्कळीत झाले. विदर्भातला बराच माल नागपूरहून कंटेनरांत भरून याच बंदराकडे जातो. युक्रेनच्या एका हिशेबनीसाच्या संगणकाचा आणि आपल्या विदर्भाच्या मालाचा असा संबंध येईल, असे कोणाला वाटले असते? मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

दोन्ही बाजू ऐका

आज्ञावली लिहिणारा म्हणतो, “चूक राहणारच.” त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. समजा, एका आज्ञावलीत ‘हो की नाही’ असे फक्त ३० फाटे आहेत. तिच्यातून जाण्याचे मार्ग २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ होतात. दर सेकंदाला एक मार्ग तपासला तरी सारे तपासायला ३४ वर्षे लागतील! आणि खऱ्या आज्ञावलीत फाटे ३० नसतात, लाखो असतात.

पण हा बचाव पुरा पडत नाही. दरवर्षी आपण बुजवितो त्या सुरक्षेच्या छिद्रांपैकी सुमारे ७० टक्के छिद्रे स्मृतीच्या गैरवापराची असतात, असे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्याने सांगितले. वर पाहिलेली डब्याची चूक याच जातीची. अशा बहुतेक चुका होऊच न देणाऱ्या ‘रस्ट’सारख्या संगणकभाषा आज उपलब्ध आहेत. टाळता येणारी चूक नशिबावर ढकलता येत नाही.

वापरणाऱ्याला सगळे सांगतात, “सावध राहा.” हिशेब करून पाहू. एका कचेरीत १०० माणसे आहेत. प्रत्येक जण इतका सावध आहे, की फसवी पत्रे शंभर आली तर तो एकदाच फसेल. एके दिवशी प्रत्येकाला एकेक फसवे पत्र आले. कोणीच न फसण्याची शक्यता ०.९९ चा १०० वा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. निदान एक जण फसण्याची शक्यता ६३ टक्के! आणि किड्याला एकच पुरतो. तेव्हा केवळ सावधपणावर रचलेली सुरक्षा टिकत नाही. एक जण चुकला तरी सारी कचेरी बुडणार नाही, अशी रचना हवी.

म्हणून वापरणारा मोकळा सुटतो का? नाही. चोरून मिळविलेली आज्ञावली वापरणे, दुरुस्तीची सूचना महिनोन्महिने टाळणे, महत्त्वाच्या कामाची दुसरी नक्कल न ठेवणे, ही बुचे त्याच्या हातात आहेत. शाळेनेही कामाची नक्कल वेगळ्या तबकडीवर ठेवली असती, तर कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नसते.

निकाल

यातून एक साधा नियम निघतो: ज्याला धोका दिसत होता आणि जो तो टाळू शकत होता, जबाबदारी त्याची. छिद्र बुजविण्याचे सामर्थ्य कंपनीकडे आहे. दिलेली दुरुस्ती बसविण्याचे काम कचेरीच्या, शाळेच्या चालकांचे. अनोळखी पत्र उघडण्यापूर्वी विचारणे तुमचे-माझे. मोटारीत दोष निघाला तर कंपनी ती परत बोलावून दुरुस्त करते. आज्ञावली मात्र वर्षानुवर्षे ‘आहे तशी घ्या’ या अटीवर विकली गेली. आता हे बदलू लागले आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने आज्ञावली बनविणाऱ्यांवर सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासूनची आहेत. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये नियम केला, की असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत कंपन्यांनी व कचेऱ्यांनी तो कळवावा. लपवाछपवी नको, हाच त्याचा अर्थ.

आणि तो मुलगा? एका माजी विद्यार्थ्याने येऊन पाहिले, तेव्हा मुलांचे फोल्डर नष्ट झाले नव्हते, विषाणूने ते फक्त लपविले होते असे निघाले. सारे काम परत मिळाले. पण भर वर्गात दिलेला दोष तसा सहज परत घेता आला नाही. तुमच्या शाळेत असे काही घडले, तर “कोणी केले?” याच्या आधी “हे घडू कसे शकले?” असे विचारा. पहिल्या प्रश्नाने एक नाव मिळते. दुसऱ्याने बूच कोठे हवे ते कळते. शिवाय ज्याला रागावून घेण्याची भीती असते, तो पुढच्या वेळी लागण झाल्याचे सांगतच नाही.

करून पाहा

सहा मित्र जमवा. प्रत्येकाकडे एक फासा द्या. सर्वांनी एकाच वेळी फासा टाकायचा. ज्याला ‘एक’ पडला तो फसला. कोणीही फसला तर तो डाव किड्याने जिंकला. असे ३० डाव खेळून किडा किती जिंकला ते मोजा. साधारण २० च्या आसपास आकडा येईल. का, ते ५/६ चा सहावा घात काढून पाहा. मग नियम बदला: निरनिराळ्या दोघांना ‘एक’ पडला तरच किडा जिंकला. आता किती डाव त्याला मिळतात? मित्र तेच, फासे तेच. बदलली फक्त रचना.