तीन ठिकाणी नंबर लागला, आता पोरगी कुठं घालायची?



बारावीचा निकाल आणि सीईटीचे मार्क हाती आले की गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा कॉलेजाचीच चर्चा जास्त. पूर्वी प्रश्न असे, नंबर लागतो का नाही. आता इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी यांच्या प्रवेशफेऱ्या वेगवेगळ्या चालतात. त्यामुळे एकाच मुलाच्या हाती दोन-तीन जागा येतात आणि घरात रात्र रात्र झोप नसते.

आपल्या गटातील एका सभासदाच्या मुलीचे तसेच झाले. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. कृषीला नंबर लागला. जवळच्या गावी फार्मसी मिळाली. आणि पुण्याच्या एका खासगी कॉलेजातून फोन आला, कॉम्प्युटरची सीट आहे, पण मॅनेजमेंट कोट्यातून. आज पैसे भरा, उद्या सीट राहायची नाही. चुलते म्हणाले, "आण्णा, पुणं ते पुणं. भरून टाका." आण्णांनी सोसायटीत चौकशीही केली होती.

इथेच थांबून विचार करायला हवा. शासनाची फी सवलत मिळते ती शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, म्हणजे 'कॅप'मधून प्रवेश घेतल्यास. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मॅनेजमेंट कोट्यातील मुलीला त्यातला रुपया नाही. एकच कॉलेज, एकच वर्ग, शेजारी शेजारी बाक. एकीची फी माफ आणि दुसरीच्या बापाचे कर्ज! ही गोष्ट फोन करणारा माणूस आपणहून सांगत नाही.

दुसरे, माफी फीची आहे, जेवणाची नाही. समजा राहण्या-जेवणाला महिन्याला आठ हजार लागले, तर दहा महिन्यांचे ऐंशी हजार, चार वर्षांचे तीन लाख वीस हजार. टनाला तीन हजार आणि एकरी 40 टन धरला, तर पावणेतीन एकरांचे सगळे बिल, खते-पाणी वजा न करता. चार वर्षे म्हणजे एक आडसाली लागण आणि दोन खोडवी. शिवाय फी भरायची जुलै-ऑगस्टात आणि आपली मोळी पडणार दिवाळीच्या आगेमागे. म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, चारही वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा.

कॉलेज कसे, हे इमारतीवरून कळत नाही. 'नॅक'ची श्रेणी सगळ्या कॉलेजाला असते, 'एनबीए'ची मान्यता एकेका शाखेला. तेव्हा आपल्या पोरीच्या शाखेला ती आहे का, हे विचारा. कृषीच्या बाबतीत घटक महाविद्यालय आणि खासगी संलग्न महाविद्यालय यांची पदवी एकाच विद्यापीठाची असते; कोल्हापूरचे महाविद्यालय राहुरीच्या विद्यापीठाचे घटक आहे. फरक फीमध्ये आणि शेतावरच्या प्रात्यक्षिकांत. एकदा एसटीने जाऊन या, प्रयोगशाळा बघा आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा. ती खरं सांगतात.

पसंतीक्रमाचा फॉर्म कॅफेवाल्याच्या हवाली करू नये. 2025 च्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले, तर पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम होता. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून सीईटी सेलची माहिती पुस्तिका वाचावी. पण नको असलेले कॉलेज वर लिहायचे नाही, हे कायमचे.

आण्णांच्या घरी एक राहिलेच होते, पोरीला कुणी विचारलेच नव्हते. आईने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला कॉम्प्युटर नकोच हाय. मी तो पर्याय घातलाच नव्हता." ती कोल्हापूरला गेली. चुलते अजून नाराज आहेत.

यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे, त्यांनी उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणीचे काम निकालाची वाट न बघता आत्ताच हाती घ्यावे. जूनमध्ये तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.