इंग्रजी उत्तम आहे, पुढे काय?

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत इंग्रजीचे गुण कितीही चांगले असले, तरी शाखा ठरते ती गणित आणि विज्ञानाच्या गुणांवरून. भाषेची आवड असलेल्या विद्यार्थ्याने कला शाखेचे नाव काढताच ‘बी.ए. करून काय करणार?’ हा प्रश्न घरातूनच विचारला जातो. या शतकाच्या पहिल्या दशकात कॉल सेंटरमुळे अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पदवीधरांना चटकन नोकऱ्या मिळू लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि व्याकरणशुद्ध इंग्रजी मजकूर काही क्षणांत तयार होऊ लागला. त्यामुळे आज केवळ शुद्ध इंग्रजीच्या बळावर करिअर उभारणे अवघड झाले आहे. इंग्रजीला विषयाचे ज्ञान, दुसऱ्या भाषेवरील पकड किंवा एखादी निश्चित पात्रता यांची जोड दिल्यास मात्र अनेक वाटा खुल्या होतात.

विधी क्षेत्र

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च न्यायालयाचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. तालुका आणि जिल्हा न्यायालयांतील पुष्कळशी कागदपत्रे मात्र मराठीत असतात. प्रकरण अपिलात गेले की दोन्ही भाषा नेमकेपणाने वाचणाऱ्या वकिलाचे मोल वाढते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेशासाठी बारावीनंतर ‘क्लॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. प्रश्न प्रामुख्याने उताऱ्यांवर आधारित असल्याने जलद व अचूक वाचनाची सवय येथे उपयोगी पडते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत.

अनुवाद

इंग्रजी आणि मराठी दोन्ही उत्तम असणारे विद्यार्थी कमी आढळतात आणि नेमकी तीच त्यांची जमेची बाजू आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली. कायद्यांचे मराठी अनुवाद हे त्याचे एक प्रमुख काम. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालपत्रांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही संगणकीय प्रणाली आणली. तरीही यंत्राने केलेला मसुदा जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो. कायद्यातील ‘शॅल’ म्हणजे ‘करील’ आणि ‘मे’ म्हणजे ‘करू शकेल’. यातील एक शब्द चुकला, तर बंधनकारक तरतूद ऐच्छिक ठरू शकते. अशा चुका हेरण्यासाठी अनुवादकाला भाषेइतकाच विषयही कळावा लागतो.

अध्यापन

हैदराबादची इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ ही संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा देणारा कायदा झाला. इंग्रजी साहित्य, भाषाशास्त्र आणि इंग्रजीचे अध्यापन यांचे उच्च शिक्षण तेथे घेता येते. महाविद्यालयीन अध्यापनासाठी एम.ए.नंतर ‘नेट’ किंवा ‘सेट’ परीक्षेचा मार्ग आहे. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला ‘नेट’साठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात.

पत्रकारिता, तांत्रिक लेखन व लघुलेखन

भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. अमरावती येथेही तिचे केंद्र आहे. इंग्रजी पत्रकारितेत येऊ इच्छिणाऱ्याने अर्थकारण, आरोग्य, न्यायालय यांपैकी एखाद्या विषयाचा पाया पक्का करावा.

सॉफ्टवेअर, यंत्रे वा औषधे यांची माहितीपुस्तिका लिहिणे म्हणजे तांत्रिक लेखन. अभियंत्याकडून गुंतागुंतीची माहिती समजून घेऊन ती वापरणाऱ्याला कळेल अशा पायऱ्यांत मांडणे हे त्यातील खरे काम. विज्ञान शाखेच्या, पण भाषेत रमणाऱ्या विद्यार्थ्यांना हे क्षेत्र अधिक जवळचे वाटेल.

लवकर नोकरीची निकड असलेल्यांनी लघुलेखनाचा विचार करावा. कर्मचारी निवड आयोगाची लघुलेखक परीक्षा बारावी उत्तीर्ण उमेदवाराला देता येते. कौशल्य चाचणीत ‘ड’ श्रेणीसाठी मिनिटाला ८० आणि ‘क’ श्रेणीसाठी १०० शब्दांचा वेग अपेक्षित असतो.

निवड करण्यापूर्वी

शासन निर्णयाचे एखादे पान इंग्रजीत आणावे, इंग्रजी दैनिकातील अग्रलेखाचा सारांश शंभर शब्दांत लिहावा, घरातील एखाद्या उपकरणाच्या वापराच्या सूचना स्वतः लिहून पाहाव्यात. तिन्ही कामे करून ती जाणकार शिक्षकाला दाखविल्यास आपला कल अनुवादाकडे, पत्रकारितेकडे की तांत्रिक लेखनाकडे आहे, याचा अंदाज येतो. पालकांनीही शाखा ठरविण्यापूर्वी ही कामे एकदा वाचून पाहावीत. ‘बी.ए. करून काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेपेक्षा त्यांतून अधिक स्पष्ट मिळेल.