पिंजऱ्याबाहेर आलेला बजी: आधी पंखा बंद करा

बजीच्या पिंजऱ्यांना बहुधा वर सरकवायची तारेची दारं असतात. बजी ती चोचीनं उचलू शकतो, आणि धान्याची वाटी बदलताना आपलंही लक्ष क्षणभर दुसरीकडे जातं. त्यामुळे घरात बजी असेल तर तो कधी ना कधी पिंजऱ्याबाहेर येणारच. आपल्याकडे दुकानदार ज्याची जोडी 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, तो बहुतेक वेळा हाच असतो: ३० ते ४० ग्रॅम वजनाचा, मूळचा ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट. बाहेर आल्यामुळे त्याला काही होत नाही. पुढच्या पाच मिनिटांत घाबरलेली माणसं जे करतात, त्यानं मात्र होतं. माणसं हे सगळं मायेपोटीच करतात, पण चुकीच्या समजुतींवर विसंबून.

'पटकन पकडा, नाहीतर गेला!'

सगळ्यांत घातक समज हाच. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीतून बजी कुठेही जात नाही. म्हणून पहिलं काम त्याला पकडण्याचं नाही, छताचा पंखा बंद करण्याचं आहे. बटण दाबल्यावरही पाती पूर्ण थांबेपर्यंत पक्ष्याला उठवू नका. मग खिडक्या लावा आणि पडदे ओढा, कारण काच त्याला दिसत नाही. पलीकडचा उजेड दिसतो आणि तो वेगानं जाऊन आदळतो. आरशावर चादर टाका. मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत न्या. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या: तिथे पेटता गॅस असतो, उघडी पातेली असतात, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. बाथरूममधल्या भरलेल्या बादलीतही एवढासा पक्षी बुडतो.

एवढं झालं की खोली सुरक्षित झाली. आता घाई कशाला? झाडू घेऊन, टॉवेल फेकत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवलेला बजी धापा टाकतो, चोच उघडी ठेवतो, प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खाली-वर होते. हे दिसलं की हात मागे घ्या आणि त्याला शांत बसू द्या. पाठलाग झालेला पक्षी त्यानंतर बराच काळ माणसाच्या हाताला घाबरतो, आणि पुढच्या वेळी काम आणखी अवघड होतं.

'सुटलेला पक्षी आपणहून परत कशाला येईल?'

येतो, कारण त्याचं अन्न, पाणी, ओळखीची दांडी आणि जोडीदार पिंजऱ्यातच असतात. आपण फक्त वाट सोपी करायची. बजी घाबरला की उंचावर बसतो, म्हणून पिंजरा जमिनीवर नको. कपाटावर किंवा टेबलावर ठेवा. दार क्लिपनं उघडं अडकवा. आत, दाराजवळ दिसेल असं राळ्याचं कणीस टांगा. दुकानात कांगणी म्हणून मिळतात ते दाणे याच पिकाचे. जोडीदार असेल तर त्याला त्याच खोलीत दुसऱ्या छोट्या पिंजऱ्यात ठेवा. त्याचा आवाज आपल्या हाकेपेक्षा जास्त काम करतो. मग दूर बसा आणि त्याच्याकडे टक लावून पाहू नका. मावळतीच्या आधी पोट भरून घ्यायची या पक्ष्यांची सवय असते, त्यामुळे दुपारभर पडद्याच्या दांडीवर बसून राहिलेला बजी संध्याकाळी पुष्कळदा स्वतःच आत जातो. बोटावर बसायची सवय असलेल्या पक्ष्याला बोट पुढे करून उचलता येतं. पण ही सवय आधी, रोज थोडा वेळ देऊन लावावी लागते.

काही जण यावरून 'उपाशी ठेवला की झक मारत येईल' असा निष्कर्ष काढतात. तो चूक आहे. एवढ्याशा शरीरात साठा फार कमी असतो. अन्न आणि पाणी फक्त पिंजऱ्यात ठेवणं योग्य. ते काढून घेणं नव्हे.

'दिवे घालवले की सहज हाती लागतो'

हे अर्धंच खरं आहे. बजी दिवसाचा पक्षी, अंधारात तो जागचा हलत नाही. पण उडत असताना दिवा घालवला तर तो भिंतीवर आदळेल. आधी तो कुठे बसलाय ते नीट पाहून ठेवा, हातात पातळ सुती कापड घ्या, हात पोचेल इतके जवळ जा आणि मगच दुसऱ्याला दिवा घालवायला सांगा. हा उपाय शेवटचा. रात्र झाली आणि तो आत गेलाच नाही, किंवा तो जखमी आहे, तेव्हाच वापरायचा.

पकडताना होणारी चूक बहुतेकांना माहीत नसते. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. छाती मुठीत आवळली तर नाक-चोच मोकळी असूनही पक्षी गुदमरतो. म्हणून पाठीवरून कापड टाका, मान दोन बोटांच्या मध्ये सैलसर राहू द्या, पंख अंगालगत ठेवा आणि छातीवर अजिबात दाब देऊ नका.

पाण्याचा फवारा मारून पंख भिजवायची युक्तीही सांगितली जाते. ती करू नका. भिजलेला, थकलेला पक्षी गारठतो आणि उंचावरून पडतो.

'पंख छाटलेत, उडणार कुठे?'

छाटलेल्या पंखांनीही तो वाऱ्याच्या झोतावर गॅलरीतून समोरच्या झाडावर पोचतो. शिवाय पिसं झडून नवी येतात, हे मालकाच्या लक्षात येत नाही. खिडकीला जाळी हाच भरवशाचा उपाय आहे.

'सोडला तर पुण्य लागतं, रानातल्या पोपटांत मिसळेल'

पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा आपल्याकडे आहे, म्हणून हे बोलायलाच हवं. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डनं १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले, आणि तेव्हापासून त्यांच्या कितीतरी पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. आपल्या हिरव्या पोपटांच्या थव्यात तो सामावत नाही. तो वेगळ्या जातीचा आहे. अन्न-पाणी कुठे शोधायचं हे त्याला ठाऊक नसतं आणि कावळा, शिक्रा, मांजर यांच्यापासून जीव वाचवायला कुणी शिकवलेलं नसतं. जानेवारीत तर झाडाझाडांवर मांजाही अडकलेला असतो. असा पक्षी सोडणं ही सुटका नव्हे, तो मृत्यू आहे.

म्हणूनच खिडकीतून गेलेल्या बजीवर लगेच पाणी सोडायचं नाही. तो सुरुवातीला बहुधा जवळच्याच उंच फांदीवर गोंधळून बसलेला असतो. त्याच्यावरची नजर हलवू नका. पिंजरा गॅलरीत किंवा गच्चीवर त्याला दिसेल असा ठेवा, शेजारी जोडीदाराचा बंद पिंजरा ठेवा. जोडीदार नसेल तर बजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावा. दगड मारणं, झाड हलवणं अजिबात नको. अंधार पडला तर तो बहुधा तिथेच रात्र काढतो, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच झाडाखाली उभे राहा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, वॉचमनला आणि जवळच्या पक्ष्यांच्या दुकानदाराला सांगा. परत मिळालेल्या पक्ष्याला मांजराचा साधा ओरखडाही लागला असेल, तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी पुढच्या एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आणि तुमच्याच गॅलरीत कधी असा अनोळखी, माणसाला न बुजणारा रंगीत पक्षी येऊन बसला, तर त्याला हुसकावू नका. वाटीत पाणी आणि थोडी बाजरी ठेवा, आत आला तर खिडकी लावून घ्या, आणि आजूबाजूच्या इमारतींत विचारा. कुणीतरी त्याला शोधत असण्याची शक्यता मोठी आहे.