गिअरबदल, मोटारगाडीतील

हाताने गिअर बदलावयाच्या मोटारगाडीत एंजिनाचा व चाकांचा वेग यांचा मेळ राखून एका गिअरमधून दुसऱ्यात जाण्याची क्रिया. अंतर्ज्वलन एंजिन मंद फिरत असता पुरेसा जोर देऊ शकत नाही. थांबलेल्या चाकांना ते एकदम जोडल्यास बंद पडते. म्हणून एंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये क्लच बसवितात. पेडल दाबले असता क्लचची घर्षण-चकती मोकळी होते. ते सोडताना चकती प्रथम घसरते व नंतर घट्ट पकड घेते. खालच्या गिअरमध्ये चाकांना जोर अधिक व वेग कमी मिळतो, वरच्या गिअरमध्ये याच्या उलट घडते.

तंत्र : डावा पाय क्लचसाठी व उजवा पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांसाठी वापरतात. वरचा गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच पूर्ण दाबावा. तेवढ्या अवधीत एंजिन मंदावते व नव्या गिअरशी जुळते. खालच्या गिअरमध्ये मात्र गाडीच्या त्याच वेगाला एंजिन अधिक जलद फिरावे लागते. यास्तव क्लच सोडण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबतात. हा मेळ न साधल्यास गाडीला हिसका बसतो. जुन्या गाड्यांत गिअरचे दातेही चालकालाच जुळवावे लागत. त्यासाठी क्लच दोनदा दाबीत. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आलेल्या सिंक्रोमेश यंत्रणेने हे काम आपोआप होऊ लागले. तथापि एंजिनाचा वेग जुळविणे चालकाच्याच हाती राहिले. क्लचवर सतत पाय ठेवल्यास चकती झिजते.

घाटातील उपयोग : खानदेशात तापी खोऱ्यातील जळगाव व धुळे यांच्या परिसरातील सपाट रस्त्यांवर खालच्या गिअरचे काम क्वचित पडते. सीमेवरील घाटांत मात्र त्यावरच सुरक्षितता अवलंबून असते. चाळीसगावच्या दक्षिणेचा कन्नड घाट, धुळे-सुरत मार्गावरील कोंडाईबारी घाट आणि शिरपूरच्या उत्तरेस मध्य प्रदेशाच्या हद्दीतील बिजासन घाट ही यांची उदाहरणे होत. चढावर थांबलेली गाडी हातब्रेक लावून ठेवतात. क्लच पकड घेऊ लागताच हातब्रेक सोडल्यास गाडी मागे घसरत नाही. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतात, म्हणजे एंजिनच गाडीला रोखून धरते. इंधन वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे धोक्याचे असते. शिवाय इंधन-अंतःक्षेपणाच्या आधुनिक एंजिनांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा बहुधा आपोआप थांबतो, त्यामुळे ही बचतही होत नाही. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ ब्रेक निकामी झाल्याचे सांगितलेला ट्रक वाहनांवर व ढाब्यावर आदळून अनेकांचा मृत्यू झाला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार उतारावर तत्परतेने खालचा गिअर टाकणे आणि तीव्र चढावर मागे न घसरता गाडी पुन्हा सुरू करणे, ही दोन्ही कौशल्ये परवान्याच्या चाचणीत अपेक्षित आहेत.