जुनी हायब्रीड मोटार : घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय सांगावे

जुनी हायब्रीड गाडी घ्यावी का, असा सवाल गेल्या वर्षभरात किमान दहा-बारा व्यापारी बांधवांनी आम्हाला केला आहे. कारण उघड आहे. नवी घ्यायची तर वीस लाखांच्या घरात रक्कम जाते. एवढी रोख सर्वांपाशी नसते, आणि बँकेला व्याज भरून गाडी दारात उभी करणे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनाला पटत नाही. मग नजर जुन्या बाजाराकडे वळते. आम्हीही 2019 साली असेच गेलो आणि 2014 सालची टोयोटा कॅमरी हायब्रीड, पासष्ट हजार किलोमीटर चाललेली, साडेतेरा लाख रोख मोजून घेतली. सहा वर्षे वापरून 2025 साली विकली. या काळात जो तजुर्बा आला, तो इथे मांडत आहोत.

आमचा धंदा ग्रे कापडाचा. भिवंडीहून मुंबईच्या मंगलदास मार्केटला आठवड्यातून तीन फेऱ्या आणि महिन्यातून एकदा मालेगाव. अशा माणसाला ही गाडी मानवते. हिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटारही असते, पण घरी प्लग लावून चार्ज करावी लागत नाही. ब्रेक दाबला किंवा गाडी उतारावर सोडली की मोटार उलट जनरेटरचे काम करते आणि बॅटरी भरत राहते. बॅटरी फार उतरली तर इंजिनही तिला भरते. गाडी रेंगाळू लागली की इंजिन बंद होते आणि ती बॅटरीवर सरकते. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा-अर्धा तास अडकण्याचे नशीब ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांना याची किंमत कळेल. एसी चालू, गाडीत थंडावा, आणि इंजिनाचा आवाज नाही. ज्या रस्त्यावर इतर गाड्या पेट्रोल फुकट जाळतात तिथेच हिची कमाई होते. हायवेवर फरक कमी पडतो. मालेगावहून परतताना कसारा घाट उतरताना बॅटरी अर्ध्या घाटातच भरून जाते. पुढचा उतार इंजिनाच्या जोरावर गाडी आवरत उतरावा लागतो.

कंपनीच्या कागदावर लिटरला 19.16 किलोमीटर लिहिले होते. आम्हाला पंधरा-सोळा मिळाले. बिलावरचा पन्हा आणि गजाखालचा पन्हा यांत फरक असतो हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही, म्हणून आम्ही तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या गाडीला हे पुष्कळ झाले. शिवाय या गाडीला क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, म्हणजे ते बिघडण्याचा खर्चही नाही. ब्रेक-पॅड सहा वर्षांत एकदाच बदलले.

आता बॅटरीची गोष्ट, कारण जुन्या हायब्रीडचा सगळा मामला तिथेच आहे. मागच्या सीटच्या पाठीशी निकेल-मेटल-हायड्राइडची बॅटरी बसवलेली असते. तिच्यात 34 तुकडे एकामागे एक जोडलेले असतात आणि सगळे मिळून सुमारे 245 व्होल्ट होतात. ही बॅटरी गरम होते, म्हणून एक पंखा गाडीच्या आतलीच थंड हवा खेचून तिच्यावर सोडतो. ती हवा मागच्या सीटजवळच्या एका जाळीतून आत जाते. गाडी घेताना ही जाळी आम्हाला कोणी दाखवली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

भिवंडीच्या हवेत काय असते हे सर्वांना ठाऊक आहे. लूमच्या गाळ्यातून बाहेर पडलेल्या माणसाच्या केसांवर, कपड्यांवर रुई बसलेली असते. तेच कपडे घालून आम्ही गाडीत बसत होतो, आणि वर सँपलचे गठ्ठे मागच्या सीटवर अगदी त्या जाळीला टेकवून ठेवत होतो. 2022 च्या मे महिन्यात मुंबईहून येताना हायब्रीड यंत्रणा तपासा अशी सूचना समोर उमटली आणि गाडीचा जोर गेला. उघडून पाहिले तर पंख्याच्या पात्यांवर रुईचा नमदा जमलेला होता. बॅटरीला महिनोन्‌महिने हवाच मिळत नव्हती. चूक आमचीच होती, कंपनीची नव्हे.

अधिकृत सर्व्हिसवाल्यांनी पूर्ण बॅटरी बदलण्याचा हिशेब दिला. तो तीन लाखांच्या वर होता. दुसऱ्या एका कारागिराने नासलेले दोन तुकडे तेवढे काढून जुन्या बॅटरीतले दोन बसवले. खर्च दहाव्या हिश्शाने झाला आणि लाइट विझला. आठ महिन्यांनी तिसरा तुकडा गेला, तोही तसाच बदलला. हा इलाज वाईट नाही, पण पक्का नाही. सगळे तुकडे एकाच वयाचे, एकाच उन्हात भाजलेले. एक बदलला म्हणून बाकीचे तरुण होत नाहीत. इथे एक ताकीद द्यावीशी वाटते. आमचे वायरमन 440 व्होल्टच्या लाइनला बेधडक हात घालतात आणि या गाडीतल्या नारंगी केबलांकडे पाहून हसतात. ती डी.सी. आहे. गाडी बंद केल्यावरही आतल्या यंत्रात काही मिनिटे वीज साठून राहते. ज्याने हे काम शिकलेले नाही त्याला हात लावू देऊ नये.

दुसरा तजुर्बा 2023 सालचा. आम्ही हजला गेलो आणि गाडी चाळीस दिवसांवर उभी राहिली. परत आलो तर दरवाजासुद्धा रिमोटने उघडेना. मोठ्या बॅटरीशिवाय या गाडीला बारा व्होल्टची एक साधी छोटी बॅटरीही असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मुडदा. गाळ्यातल्या पोरांनी हौसेने धक्का मारला. धक्क्याने ही गाडी सुरू होत नाही. आणि पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढूनही नेऊ नये, आतली मोटार खराब होते. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून अर्धा तास ठेवायला कोणाला तरी सांगून गेलो असतो तर ही फजिती टळली असती.

इतर मालकांचे थोडक्यात सांगतो. आमच्या एका सूत व्यापारी मित्राने 2022 ची मारुती ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रीड, दोन वर्षे वापरलेली घेतली. शहरात एकवीस-बावीसचे ॲव्हरेज मिळते म्हणून तो खूश आहे. कागदावर मात्र 27.97 आहे. त्याची तक्रार डिकीची. साध्या मॉडेलची डिकी 373 लिटरची, हायब्रीडची 265, कारण खाली बॅटरी बसली आहे. कोनांचे खोके आता मागच्या सीटवर प्रवास करतात. या गाडीच्या हायब्रीड बॅटरीला आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. म्हणून त्याने सौद्याआधी जुन्या मालकाची सर्व्हिसची सगळी बिले मागितली आणि उरलेली वॉरंटी आपल्या नावावर चालेल हे शोरूमकडून लिहून घेतले. हे शहाणपण आम्हाला 2019 मध्ये सुचायला हवे होते.

कुर्ल्यातल्या एका रेडिमेडवाल्याचे उलटे झाले. त्याला दलालाने 2016 ची सियाझ डिझेल 'हायब्रीड' म्हणून जास्त पैशात दिली. मागे एसएचव्हीएसचा बिल्ला होताच. पण त्या गाडीतले यंत्र इंजिनाला थोडा हात देते आणि सिग्नलवर इंजिन बंद-चालू करते, इतकेच. नुसत्या विजेवर ती एक पाऊल चालत नाही. सरकारनेही 1 एप्रिल 2017 पासून अशा माइल्ड हायब्रीडची सबसिडी काढून घेतली होती. गाडी वाईट नाही, पण जादा पैसे बिल्ल्याचे गेले. खात्री करायची तर सोपी आहे : मोकळ्या जागेत हळू चालवून पाहावी. इंजिन बंद असताना गाडी सरकली तर ती खरी हायब्रीड.

पेढीच्या नावावर गाडी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीने जुनी गाडी विकली तर कर पूर्ण किमतीवर नसतो. घसारा घेतला असेल तर घसारा वजा जाता उरलेली किंमत आणि विक्रीची किंमत यांतल्या फरकावर 18 टक्के. फरक उणे आला तर कर नाही. लहान गाड्यांचा 12 टक्क्यांचा दरही जानेवारी 2025 पासून 18 झाला. खासगी नावावरच्या गाडीला हा प्रश्न येत नाही. तसेच 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या नव्या हायब्रीडवरचा एकूण कर 43 वरून 40 टक्के झाला आहे. जुन्याचा भाव ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

आता आमच्या विक्रीविषयी. गाडीत दिसायला काहीच दोष नव्हता. लाइट विझलेला, रंग शाबूत, नोंदणी 2029 पर्यंतची. दलाल म्हणाला, "हाजीसाहेब, तीन तुकड्यांचे नाव काढू नका. कोण मागची सीट उघडून बघतो? साडेसहा लाख घेऊन देतो." खरे सांगायचे तर दोन रात्री आम्ही त्या साडेसहा लाखांचा विचार केला. मुलीचे लग्न तोंडावर होते आणि बाजार मंदा. पण ऐब ठाऊक असून झाकलेला माल विकणे आपल्या शरीअतमध्ये नाजायज आहे, आणि ऐब मागाहून निघाला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क राहतो. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तो वाकिआ आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकला आहे. कापडात डाग असेल तर आम्ही तागा उलगडून दाखवतो. मग गाडीला वेगळा कायदा कोठून आणायचा?

पहिला गिऱ्हाईक कल्याणचा. तीन तुकड्यांचे ऐकून चहा न पिताच उठला. दुसरा मालेगावचा, रंगाई कारखानदाराचा मुलगा. त्याने आपला मेकॅनिक स्कॅनरसह आणला होता. बॅटरी सतरा जोड्यांत मोजली जाते. मेकॅनिकने गाडी चढावर नेली, उतरवली आणि प्रत्येक जोडीचा व्होल्ट टिपला. दोन जोड्या इतरांपेक्षा किंचित मागे पडत होत्या. आम्ही कारागिराची बिले पुढे ठेवली. मुलाने बिले वाचली, वडिलांना फोन लावला आणि म्हणाला, "चाचा, पाच लाख दहा हजार." आम्ही पाच वीस म्हटले. पाच पंधराला सौदा तुटला.

रक्कम मोजून झाल्यावर चावी देताना त्याने डिकीत पाहिले. जाळीवरची रुई झाडायला आम्ही ठेवलेला रंगाचा जुना ब्रश तिथेच पडला होता. तोही द्या म्हणाला. दिला.