पर्समधली मोजदाद

पर्युषणापूर्वी घरातली कपाटे आवरताना मी माझी पर्सही रिकामी करते. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची ही सवय. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाणाचे. आपल्याजवळ काय व किती आहे हे मोजल्याखेरीज त्याला मर्यादा घालता येत नाही.

आमच्या आजीकडे पर्स नव्हती, चंची होती. तिच्या कप्प्यांत सुपारी, लवंग, वेलदोडे आणि चार नाणी असत. पुरुष बाजाराला जाताना पैशांचा कसा कमरेला बांधत, तर शेतावरच्या बायका पदराच्या गाठीला पैसे ठेवत. बँकेच्या खिडकीशी ती गाठ दातांनी सोडवणाऱ्या कितीतरी माऊली मी पाहिल्या आहेत.

१९८३ साली मी बँकेत लागले. मंचरहून नारायणगावला रोज एस.टी.ने जाणे-येणे असे. पर्समध्ये एस.टी.चा पास, शाईचे पेन, घडीची कापडी पिशवी, आणि चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी वाटेतच खाऊन घेण्यासाठी खाकऱ्याचा डबा. पुढे अधिकारी झाल्यावर तिजोरीची किल्ली आली. तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. एकट्याने ती उघडत नाही. त्याच पर्समध्ये मुलीचे झबले व दुधाची बाटलीही असे. मुलगी मोठी झाली, तेव्हा त्या जागी सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या आल्या. आज माझ्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. सुटे पैसे जवळजवळ संपले. भाजीवालीच्या पाटीजवळही मोबाईल पुढे करावा लागतो. नवकारवाळी तेवढी पहिल्या दिवसापासून तिच्या कप्प्यात आहे.

या सगळ्या मोजदादीत एक गोष्ट मात्र मी मोजली नाही.

२०१४ साली सासूबाई गेल्या. दिवस उरकल्यावर त्यांचा बटवा उघडला. आत मुहपत्ती, दोन वेलदोडे आणि घडी घातलेली मुदत ठेवीची पावती. ठेव दुसऱ्या बँकेतली, त्यांच्या एकटीच्या नावाची. मुदत केव्हाच उलटलेली. पावतीच्या मागे त्यांच्या अक्षरात एकच शब्द होता : ‘पांजरपोळ’. घरखर्चातून वाचवलेली ती रक्कम त्यांनी जीवदयेसाठी राखली होती. नामनिर्देशन केलेले नव्हते.

बँकेतील ठेवींना नामनिर्देशनाची सोय १९८५ पासून आहे. तो अर्ज मी हजारो खातेदारांकडून भरून घेतला. सासूबाईंना मात्र रोज ‘गोळी घेतली का?’ एवढेच विचारले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची संमती, प्रतिज्ञापत्रे या साऱ्यात आठ महिने गेले. नणंदा-दिरांनी एका शब्दाने न विचारता सह्या केल्या, म्हणून रक्कम अखेर पांजरपोळाला पोहोचली. प्रत्येक घरात असे होतेच असे नाही.

जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा सातवाहनकालीन शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे त्यात कोरले आहेत. त्या दानाचा हिशेब दोन हजार वर्षे टिकला. आमच्या घरातल्या दानाचा हिशेब एका बटव्यात अडकून पडला होता.

दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. हक्क त्यामुळे बुडत नाही. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी २०२३ पासून ‘उद्‌गम’ हे संकेतस्थळही आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे. ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते. म्हणून दानाची इच्छा असेल तर ती मृत्युपत्रात स्पष्ट लिहावी.

आता माझ्या पर्समध्ये एक कागद असतो. त्यावर मुलीचा दूरध्वनी, माझा रक्तगट, औषधांची नावे आणि घरातील ठेवींची यादी कोठे आहे एवढेच लिहिले आहे. एटीएमचा गुप्त क्रमांक कदापि नाही. हा कागद दर पर्युषणात मी नव्याने लिहिते.

संवत्सरीला सर्वांची क्षमा मागताना पहिले स्मरण सासूबाईंचे होते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना यंदा हा प्रश्न अवश्य विचारावा, ही विनंती. मिच्छामि दुक्कडम्.