सगळ्यांना तलवार हवी, क्लेरिक कुणालाच व्हायचं नाही!

शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. आम्ही चौघं आपापल्या घरी हेडफोन लावून तयार आणि 2023 मध्ये आलेला 'बाल्डर्स गेट थ्री' पहिल्याच स्क्रीनवर अडकलेला. गेम विचारतोय, तुमचा क्लास कोणता? (ट्यूशनचा नव्हे!) फायटर, विझार्ड, क्लेरिक, रोग... हा रोग म्हणजे आजार नाही, चोर... असे एकूण बारा. तिघांनी पटापट मारामारीवाले उचलले. उरले मी. "अगं, तू हो ना क्लेरिक, कुणीतरी हील करायला हवं!" म्हणजे इथेही मलमपट्टी मीच करायची. ठीक आहे.

हा क्लासचा फंडा जुना आहे. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ आणला, तेव्हा क्लास होते फक्त तीन. लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. जादूगाराला चिलखत नाही, क्लेरिकला धारदार शस्त्र नाही. प्रत्येकाचं काहीतरी काढून घेतलेलं, त्यामुळे एकमेकांशिवाय पानच हलत नाही. कॉम्प्युटर गेम्सनी हेच उचललं.

कधीकधी जरा जास्तच कडकपणे! 2000 सालच्या 'डायब्लो टू'मध्ये पाच क्लास होते आणि स्किल पॉइंट एकदा टाकला की टाकला, परत नाही. माझा आतेभाऊ नेक्रोमॅन्सर खेळायचा, मी शेजारी स्टुलावर. सगळंच थोडं थोडं हवं म्हणून दादाने पॉइंट वाटून टाकले आणि 'हेल' या सगळ्यात अवघड पातळीवर त्याचे सांगाडे पटापट मरायला लागले. कित्येक रात्रींची मेहनत पाण्यात. पॉइंट परत घेण्याची सोय आली 2010 च्या पॅचमध्ये. तोवर दादा नोकरीला लागला होता.

मग क्लासच नको, नाही का? 'अल्टिमा ऑनलाइन'ने 1997 मध्ये ते करून दाखवलं. तलवार चालवा, तलवारीवर हात बसेल. मासे पकडा, कपडे शिवा, त्यात तरबेज व्हा. फक्त एकेक कौशल्य 100 पर्यंत आणि सगळ्यांची बेरीज 700 पर्यंतच. म्हणजे सात गोष्टींत उस्ताद, बाकी शून्य. गंमत बघा, लोकांनी हिशेब मांडून ठरावीक जुळण्या शोधल्या आणि त्यांना 'टँक मेज' वगैरे नावं दिली. पुढच्या दाराने घालवलेले क्लास मागच्या दाराने आत!

2011 च्या 'स्कायरिम'मध्ये तर 18 कौशल्यं आणि बेरजेला मर्यादाही नाही. मी तो तीनदा सुरू केला. एकदा जादूगार म्हणून, एकदा कुऱ्हाडवाली, एकदा ढाल-तलवार घेऊन. तिन्ही वेळा थोड्या दिवसांनी मी अंधारात वाकून बाणच मारत होते. लपून मारलेला बाण जास्त लागतो, मग दुसरं काही कोण करेल? जगभरच्या खेळाडूंची हीच रड आहे, त्यावर ढीगभर जोक्स आहेत. मोकळं सोडलं की आपण सोपा रस्ता धरतो आणि सगळे त्याच रस्त्यावर भेटतो.

क्लासलेस आयुष्याचा मला प्रॅक्टिकल अनुभव आहे. इंजिनीअरिंगची दोन वर्षं करून मी मास कॉमला गेले. 'बाल्डर्स गेट थ्री'मध्ये विदर्स नावाचा हाडकुळा गृहस्थ शंभर सोन्याच्या नाण्यांत क्लास बदलून देतो. माझ्या वेळी बाबांनी भरलेली दोन वर्षांची फी गेली आणि सहा महिने ते माझ्याशी धड बोलले नाहीत. आता फ्रीलान्स. लिहिते, व्हिडिओ एडिट करते, सबटायटल्स करते, फोटोही काढते. "तू नक्की करतेस काय गं?" या आत्याच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. दादा सांगतो, "सिव्हिल इंजिनीअर." विषय संपला. हेवा वाटतो हो, खोटं कशाला बोलू?

तर त्या शनिवारची गोष्ट. रात्री दोन वाजता गॉब्लिन्सनी आमचे तिन्ही शूरवीर आडवे केले. उभी फक्त मी. "हील! हील कर ना!" हेडफोनमध्ये तिघांचा एकच कल्ला. 'स्कायरिम'मध्ये इतके तास घालवले, तिथे अशी हाक कधी आली नव्हती. एकाला उठवलं, मग दुसऱ्याला. तिसरा अजून ओरडत होता. माझे स्पेल संपलेत, हे मी त्याला लगेच सांगितलं नाही.